वरची रेघ

सगळ्यांनी एकदम कानांवर हात ठेवले, तेव्हा तिला वाटलं, चेष्टा चाललीय. ऑफिसात तिची चेष्टा नेहमीच चालायची आणि खरं सांगायचं तर ती तिला आवडायची. तिच्या लेकीच्या वयाची ती सगळी पोरं तिला कानकाकू म्हणत. जगभरातून येणारं नवं इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकायचं, त्यातलं निवडायचं आणि दर शुक्रवारी लोकांना ‘हे ऐका’ म्हणून सुचवायचं, हे त्या ऑफिसचं काम; आणि सुचवणाऱ्यांत सगळ्यात जुनी ती. गेल्या शुक्रवारी तिनं सुचवलेल्या ट्रॅकबद्दल तक्रारी आल्या होत्या म्हणून साहेबांनी सगळ्यांना मोठ्या स्पीकरच्या खोलीत बोलावलं होतं. कुणाचं डोकं उठलं होतं, एकीचं तान्हं बाळ किंचाळत जागं झालं होतं, एकाचा कुत्रा पलंगाखालून बाहेर यायला तयार नव्हता. फाइल बिघडली असेल, असं ती म्हणाली होती. साउंडवाल्यानं ट्रॅक लावला आणि तिनं सवयीनं डोळे मिटले. तोच खालचा सूर आला, दूरच्या विहिरीत कुणीतरी घागर सोडावी तसा, आणि त्याच्यावर ती शांतता. ही शांतता तिला इतकी आवडली होती की तिच्याविषयी लिहिताना तिचे डोळे भरून आले होते. फाइल तर व्यवस्थित आहे, असं म्हणायला तिनं डोळे उघडले, तर खोलीतला प्रत्येक जण कान दाबून बसलेला. साहेबांनी मान खांद्यात घातली होती. चहाचा ट्रे घेऊन आलेल्या बाई दारातूनच मागं वळल्या. ती हसली. मग तिच्या लक्षात आलं की दुसरं कुणीच हसत नाहीये.

साउंडवाल्यानं बटण दाबलं. हात खाली आले, खोलीनं श्वास सोडला. तिच्यासाठी मात्र फक्त तो विहिरीतला सूर थांबला होता, शांतता होती तशीच होती. साउंडवाला तिच्याकडे वळला. भला माणूस, कमी बोलणारा, बोलला तर यंत्राकडे बघून बोलणारा. त्यानं आपला स्क्रीन तिच्याकडे वळवला. आवाजाचं चित्र होतं ते. खालचे सूर खाली, वरचे वर. तळाशी धुरकट तपकिरी पट्टा होता, तो तिच्या ओळखीचा. मधे सगळा अंधार. आणि अगदी वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पांढरीशुभ्र, दाते असलेली एक रेघ. “ही रेघ कसली?” तिनं विचारलं. तो यंत्राकडे बघत म्हणाला, “काकू, ट्रॅक हाच आहे. खालचं नुसतं अंथरूण आहे.” मग कुणीतरी चहाचा विषय काढला, साहेब फोनवर बोलत बाहेर गेले आणि सगळ्यांनी इतक्या सांभाळून खुर्च्या सरकवल्या की तिला आपण आजारी आहोत असं वाटलं.

तिनं लिहिलं होतं: ‘या ट्रॅकमध्ये कुणी काही सांगत नाही. मिटलेल्या दारापलीकडे कुणीतरी आपल्यासाठी उभं आहे आणि त्याला घाई नाही, अशी ही शांतता आहे.’ आपलं ते वाक्य तिला जिन्यावरून उतरताना आठवलं, रस्ता ओलांडताना आठवलं, घराच्या कुलपात किल्ली घालताना पुन्हा आठवलं. दारापलीकडे कुणीतरी उभं होतंच की. गळा काढून ओरडत होतं. आणि ती अलीकडे बसून त्याच्या न बोलण्याचं कौतुक करत होती.

घरात शिरल्यावर तिनं दिवा लावला आणि ट्यूबलाइटखाली उभी राहिली. ट्यूबलाइट पूर्वी गुणगुणायची. लहानपणी तर घरातली प्रत्येक वस्तू गुणगुणायची. आई रोज सकाळी देवापुढे बसायची आणि ती उठेपर्यंत घरात कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही. वडीलसुद्धा वर्तमानपत्राचं पान असं उलटायचे की जणू ते झोपलेलं मूल आहे. त्या गप्प घरात ही पोर जमिनीवर बसून ऐकत राहायची. फ्रिजचा जाड सूर, त्याच्या पोटातला बारीक थरथरता सूर, विजेच्या मीटरची टिकटिक, आणि सगळ्यांच्या वर, केसाएवढा बारीक, ट्यूबलाइटचा सूर. तिला वाटायचं, आईचा देव बोलतो तो असाच बोलत असणार. एकदा तिनं विचारलं होतं, “आई, देव तुझ्याशी बोलतो?” आई वाती वळत होती. म्हणाली, “बोलायचं की नाही ते त्याचं. आपण बसायचं, ते आपलं.” पुढं कॉलेजात असताना एका कॅसेटच्या दुकानात तिनं पहिल्यांदा यंत्रांचं संगीत ऐकलं. दुकानदार वैतागून म्हणाला होता, ताई, टेप खराब निघालाय, दुसरा लावतो. ती म्हणाली, राहू द्या. फ्रिजचाच सूर होता तो, पण कुणीतरी मुद्दाम, जीव लावून काढलेला. दुकानाच्या पायरीवर तिला रडू आलं होतं. आपल्यासारखं जमिनीवर बसून ऐकणारं जगात आणखी कुणीतरी आहे आणि त्यानं ते मोठ्यांदा सांगून टाकलंय, असं तिला वाटलं होतं.

आई गेल्यावर तिनं नेम धरला. सकाळी तोंडात काही घालण्याआधी एक नवा ट्रॅक पूर्ण ऐकायचा. डोळे मिटून, मधे न थांबता, दुसरं काही न करता. तिच्या धंद्यात असं कुणी ऐकत नाही. सुरुवातीचं थोडं, मधलं थोडं, शेवटचं थोडं, आणि झालं. शितावरून भाताची परीक्षा. ढिगानं ट्रॅक येतात, पोरं तरी काय करणार. पण तिला वाटायचं की एक तरी माणूस असं असावं जे कुणाचं बोलणं मधेच तोडत नाही. ताप असला तरी तिचा नेम चुकला नाही. नवरा गेला त्या सकाळीसुद्धा दवाखान्याच्या बाकावर बसून तिनं ऐकलं होतं आणि जाऊबाईंनी ते आयुष्यभर लक्षात ठेवलं. ते सगळं तिनं सोसलं, कारण नेमानं काहीतरी मिळतंय असं तिला वाटत होतं. अलीकडे तर फारच. अलीकडे जग मऊ झालं होतं. भांडी पडली तरी अंगावर काटा येत नसे. शेजारचं मूल रडलं तरी त्रास होत नसे. फ्रिज, ट्यूबलाइट, सगळ्यांनी जणू आवाज खाली घेतले होते. ती मनाशी म्हणायची, वय झालं, मन निवलं. आई म्हणायची ते हेच असेल. कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, दाखवायची गोष्टही नव्हती ती, पण आत कुठंतरी तिनं तो प्रसाद म्हणून ओंजळीत घेतला होता. आता ट्यूबलाइटखाली मान वर करून उभी असताना तिला कळलं की मन बिन काही निवलं नव्हतं. कान गेले होते. वरून, एकेक पायरी करून, कुणी दार न वाजवता घरातलं सामान काढून न्यावं तसे गेले होते. आणि ती रिकाम्या खोल्यांतून फिरत म्हणत होती, किती प्रशस्त वाटतंय.

कानांच्या डॉक्टरांनी तिला एका छोट्या खोलीत बसवलं. भिंतींना स्पंज, समोर काच, काचेपलीकडे डॉक्टर, तिच्या हातात एक बटण. आवाज आला की दाबा, इतकंच. असं बसणं तिच्या अंगवळणी पडलेलं; तिनं डोळे मिटले. आवाज येऊ लागले. कधी लांबून, कधी जवळून, मग इतक्या लांबून की आला म्हणावं की आठवला म्हणावं ते कळू नये. ती दाबत गेली. तिला वाटलं, येतंय की सगळं. आणि बाहेर आल्यावर ती थोडी ताठ मानेनं खुर्चीवर बसली. डॉक्टर तरुण होते, चष्मा पुसत होते. त्यांनी समजावून सांगितलं की वरचं सगळं गेलेलं आहे, मधलंही जायला लागलंय. वय आहे, वर्षानुवर्षं हेडफोन आहेत. गेलेलं परत येत नाही. ती म्हणाली, पण मी तर बटण दाबत होते. डॉक्टरांनी विचारलं, “तुम्ही गाणं-बिणं करता का?” ती म्हणाली, ऐकते. “तेच,” ते म्हणाले. “कितीतरी वेळा मी काही वाजवलंच नव्हतं. तुम्ही बरोबर तालात दाबत होतात. जिथं पुढचा आवाज यायला हवा होता, तिथं.” खोटं दाबता येऊ नये म्हणून ते मधेमधे मुद्दाम थांबतात, असंही त्यांनी सांगितलं, आणि मग घाईनं म्हणाले की तुम्ही खोटं दाबलंत असं मला म्हणायचं नाहीये. तिनं मान हलवली. तिनं खोटं दाबलंच नव्हतं. तिनं ते आवाज ऐकले होते. लांबचा, फार लांबचा, गोड सूर. त्याच्यासाठी तिनं श्वास धरला होता. तो नव्हता. जे होतं ते तिला ऐकू येत नव्हतं आणि जे ऐकू येत होतं ते नव्हतं. मग आजवर सकाळी उपाशीपोटी डोळे मिटून ती कुणाला ऐकत होती?

रस्त्यात एक सायकलवाला तिच्या अगदी जवळून गेला आणि मागं वळून काहीतरी बोलला. घंटी वाजवली असणार त्यानं. ती भिंतीला धरून उभी राहिली. एका दुकानाच्या काचेत तिला आपला चेहरा दिसला आणि त्यावर तेच हसू होतं, स्पीकरच्या खोलीतलं, कानांवर हात ठेवलेल्या माणसांकडे बघून आलेलं. ते तिनं पुसलं. मग तिला लेक आठवली. आठवली म्हणजे काय, सकाळपासून ती त्या आठवणीला हातानं मागं सारत होती.

लेक दुसऱ्या शहरात दातांची डॉक्टर होती. नवरा गेल्यानंतरच्या त्या वाईट वर्षात दोघी एकमेकींना नको ते बोलल्या होत्या. लेक म्हणाली होती, बाबा आत शेवटचे श्वास मोजत होते आणि तू बाहेर कानाला डबडी लावून बसली होतीस. त्यानंतर बोलणं म्हणजे जेवलीस का, पाऊस आहे का, एवढंच उरलं. मग एकदा तिनं भीत भीत लेकीला एक ट्रॅक पाठवला, खाली दोन ओळी लिहून. लेकीचं उत्तर आलं, ‘छान आहे, आई.’ त्या दिवशी तिला इतका आनंद झाला की चहा उतू गेला. तेव्हापासून दर आठवड्याचा तिचा सगळ्यात चांगला ट्रॅक ऑफिसला जायच्या आधी लेकीला जायचा. तो पांढऱ्या रेघेचाही गेला होता. त्याचंही उत्तर आलं होतं, छान आहे. तिच्याकडे त्या दोन शब्दांपलीकडे लेक म्हणून काही उरलेलं नव्हतं, आणि दिवसभर ती स्वतःला एकच प्रश्न विचारायचं टाळत होती. संध्याकाळी लेकीचा दवाखाना बंद होण्याच्या सुमाराला तिनं फोन लावला. आधी जेवण, मग हवा. मग तिनं जितकं साधेपणानं विचारता येईल तितकं विचारलं, की गेल्या वेळचा ट्रॅक तुला खरंच आवडला का.

पलीकडे पाण्याचा आवाज होता, लेक हात धूत असावी. तो थांबला. “का गं?”

तिनं सांगितलं. बाळाचं, कुत्र्याचं, कानांच्या डॉक्टरांचं. हसत हसत, दुसऱ्या कुणाची फजिती सांगावी तसं. लेक हसली नाही. बराच वेळ काहीच आलं नाही आणि तिला भीती वाटली की लेक बोलतेय आणि आपल्यालाच ऐकू येत नाहीये. “हॅलो,” ती म्हणाली.

“आहे मी,” लेक म्हणाली. “मला माहीत होतं, आई. आधीपासूनच. तू पाठवायचीस त्यात काहीतरी शिट्टीसारखं असायचंच. दिवसभर ड्रिल ऐकायचं आणि घरी येऊन पुन्हा तेच. आधी मी वरचे आवाज कमी करून लावायचे. म्हटलं, तुला जसं येतंय तसं ऐकू.”

“आणि आता?”

“आता नाही लावत.” लेकीचा आवाज खाली गेला, की फोनच तसा होता, कोण जाणे. “तू लिहितेस ते वाचते. ते चांगलं असतं. वाचलं की पुरतं मला.”

सांगायचं नाहीस का, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण लेकीनंच पुढं म्हटलं की तुला सांगून काय झालं असतं, तुझ्याकडे दुसरं होतंच काय. हे लेक मायेनं म्हणाली, टोमणा म्हणून नाही. तो टोमणा असता तर बरं झालं असतं. दोघींनी मग एकमेकींना नीट झोप म्हणून सांगितलं. फोन ठेवल्यावर तिला ते सगळे आठवडे एका रांगेत दिसले. ती निवडतेय, पाठवतेय, पलीकडे लेक आपल्या खोलीत, आधी वाकून, आईच्या उंचीचं होऊन ऐकतेय. मग तिची पाठ दुखायला लागलीय. मग ती सरळ उठून गेलीय आणि जाताना दार हळू ओढून घेतलंय. आणि ही अलीकडे बोलतच राहिलीय. लेकीचा राग आला असता तर त्याला धरून रडता आलं असतं. पण लेक किती चांगली वागली होती. सगळेच किती चांगले वागत होते.

साहेबही चांगलेच वागले. त्यांनी तिला दार लावून घ्यायला सांगितलं आणि पाणी पुढं केलं. ते पूर्वी कुठल्याशा बँकेत होते, वयानं तिच्याहून लहान, आणि माणसांशी वाईट बोलायची वेळ आली की बोटातली अंगठी फिरवायचे. ते म्हणाले, “काकू, तुम्हाला जा म्हणणारा मी कोण? लोक तुमचं वाचायला येतात. ऐकायचं ते पोरं ऐकतील. ट्रॅक कसा आहे ते तुम्हाला सांगतील. तुम्ही फक्त लिहा.” तिनं विचारलं, न ऐकता? ते अंगठी फिरवत म्हणाले की ऐका ना, कोण नको म्हणतंय, जेवढं येतं तेवढं ऐका. मग त्यांनी सांगितलं की त्या पांढऱ्या रेघेच्या ट्रॅकवर पोरांच्या उड्या पडताहेत. शांतता म्हणून दिलेली किंकाळी, लोकांना वाटतंय कानकाकूंनी काय झकास टोला हाणला. तक्रारी करणारे राहिले बाजूला. ते हसले आणि तिच्याकडे बघून थांबले. तिच्या मनात आलं की आपण खरं बोललो तेव्हा तो विनोद झाला. खोटं बोललो तर बहुधा पुन्हा साहित्य होईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली, चहा केला, टेबलाशी बसली. हेडफोन समोर होते. तिनं ब्रेडचा तुकडा तोडला, चहात बुडवला आणि खाल्ला. काहीच झालं नाही. आभाळ कोसळेल असं तिलाही वाटलं नव्हतं, पण काहीतरी होईल असं वाटलं होतं. निदान घशात अडकेल. तो अडकला नाही. दुसरा तुकडा जास्तच चवीनं गेला. आई म्हणायची, आपण बसायचं, ते आपलं. आईचं ठीक होतं, आई ज्याच्यापुढे बसायची त्यानं कधीच कानात बोलायचं कबूल केलं नव्हतं. हिच्याशी तर तो बोलला होता. ट्यूबलाइटमधून बोलला होता, कॅसेटच्या दुकानात बोलला होता, आणि मग बोलता बोलता असा वरवर, उंच उंच निघून गेला होता की ही खाली त्याच्या अंथरुणाशी बसून राहिली. तिनं हात जोडले नाहीत आणि रागही केला नाही. रागवायला समोर कुणीतरी लागतं. ती कप विसळून ऑफिसला गेली.

शुक्रवारसाठी तिच्या नावावर एक ट्रॅक लावून ठेवलेला होता. कुणी बनवलाय, किती लांब आहे, कोणकोणती यंत्रं वापरलीत, एवढं खाली लिहिलेलं. साउंडवाल्यानं त्याचं चित्र काढून ठेवलं होतं, तिला सोपं जावं म्हणून. तिनं हेडफोन कानाला लावले, आजूबाजूच्या पोरांना बरं वाटावं म्हणून लावले, आणि ट्रॅक सुरू केला नाही. चित्राकडेही तिनं पाहिलं नाही. वायर टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होती. हेडफोनच्या गादीच्या त्या गोल चकत्यांमध्ये तिला स्वतःचं रक्त ऐकू येत होतं, जाड, खालचं, कंटाळलेलं. तिनं लिहायला घेतलं. पहिलं वाक्य आलं, त्याला धरून दुसरं आलं. एखाद्या घरातली शेवटची बाई निघून जाते आणि तिच्यामागे पंखा फिरत राहतो; मग वीज जाते, आणि पंखा थांबायला किती वेळ घेतो ते बघायला तिथं कुणी नसतं; असं काहीसं तिनं लिहिलं. कुठं अडलं नाही. खोडावं लागलं नाही. इतकं चांगलं तिच्या हातून कित्येक वर्षांत उतरलं नव्हतं हे तिला लिहितानाच कळत होतं. तिच्या मनात फक्त एक आशा होती: की हे चुकीचं निघावं. त्या ट्रॅकमध्ये ढोल असावेत, नाच असावा, लग्नाच्या वरातीसारखा गोंधळ असावा. कुणीतरी हसावं आणि म्हणावं, काकू, हे काय भलतंच. म्हणजे ऐकण्याला काही अर्थ होता असं ठरेल. म्हणजे तिनं काहीतरी खरोखर गमावलं होतं असं ठरेल.

साउंडवाला तिच्या खुर्चीमागं येऊन उभा राहिला. त्यानं सकाळीच तो ट्रॅक दोनदा नीट ऐकला होता, तिला सांगावं लागलं तर सांगता यावा म्हणून. स्क्रीनवर वाकून त्यानं तिचं लिहिलेलं सगळं वाचलं, सावकाश, ओठ हलवत. ती त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती. तो वाचून झाला आणि पहिल्यांदाच यंत्राकडे न बघता तिच्याकडे बघून, जिवणीभर हसून बोलला. तिला नीट समजावं म्हणून एकेक शब्द सुटा करून बोलला.

“काकू, अगदी असंच आहे ते. शेवटचा तो पंखा थांबतो ना, तोसुद्धा. उगीच घाबरलात तुम्ही. बरोबर ऐकलंत.”

तो उत्तराची वाट बघत थांबला होता. तिनं हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि हो म्हटलं.